सीआरआरटी चालू असताना ॲसिड-बेस कसं सांभाळायचं: आयसीयूत नव्याने आलेल्यांसाठी

सीआरआरटी (आयसीयूत सलग, हळूहळू चालणारं डायलिसिस) लावली की ॲसिडोसिस (रक्तात ॲसिड वाढणं) आपोआप सुटतो, असा समज घेऊन बरेच नवे रेसिडेंट आणि नर्स आयसीयूत येतात. पहिल्या दिवशी तो खराही वाटतो, कारण आकडे सुधारत असतात. पुढे कधी तिसऱ्या दिवशी त्याच रुग्णाचा पीएच ७.५२, म्हणजे उलट अल्कलोसिस, येतो. कधी सगळं सुरळीत चालू असूनही बायकार्ब (बायकार्बोनेट, रक्तातला मुख्य बफर, म्हणजे ॲसिड शोषून घेणारा पदार्थ) १४ च्या पुढे सरकत नाही. अशा वेळी नेमकं काय बदलायचं, ते सुचत नाही.

मशीनला ॲसिडोसिस कळत नाही. रुग्णाच्या रक्ताची घडण टांगलेल्या बॅगेतल्या द्रावणाकडे हळूहळू ओढत नेणं, एवढंच काम ते करतं. त्यामुळे दर वेळी दोन प्रश्न विचारायचे: बॅगेतून (आणि सर्किटमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या सायट्रेटमधून) तासाला किती बफर आत जातोय? आणि रुग्ण तासाला किती ॲसिड तयार करतोय? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांभोवतीच आहेत. इथले आकडे प्रौढ रुग्णांचे आहेत. तुमच्या युनिटचा लिखित प्रोटोकॉल वेगळा असेल, तर प्रत्यक्ष बदल त्याप्रमाणे आणि सीनियरला विचारूनच करायचे.

पायरी १: मशीन लावण्याआधी गॅस पूर्ण वाचा

७० किलो वजनाचा, सेप्टिक शॉकमधला, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण समजा. एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या गॅस तपासणीत) पीएच ७.१२, पीसीओ२ (कार्बन डायऑक्साइडचा दाब) ३८, बायकार्ब १२. सोडियम १३८, क्लोराइड १०४, अल्ब्युमिन २, लॅक्टेट ९.

घाईत पाहणाऱ्याला पीसीओ२ ‘नॉर्मल’ दिसतो. पण बायकार्ब १२ असताना शरीराने तो किती खाली आणायला हवा होता? विंटरच्या सूत्राने १.५ × १२ + ८, म्हणजे २६, दोन इकडे-तिकडे. इथे तो ३८ आहे. म्हणजे मेटाबॉलिक ॲसिडोसिसच्या जोडीला रेस्पिरेटरी ॲसिडोसिसही आहे. रुग्ण सेडेटेड आहे, आणि व्हेंटिलेटर त्याच्या गरजेइतकी हवा हलवत नाही. मिनिट व्हेंटिलेशन वाढवून पीसीओ२ २८ वर आणला, तर बायकार्ब जवळपास तेवढाच राहूनही पीएच ७.२५ च्या आसपास पोहोचतो. डायलिसिस कॅथेटर घालून, सर्किट प्राइम करून मशीन चालू होईपर्यंत जो वेळ जातो, त्यात एवढा फरक व्हेंटिलेटरच्या एका बदलाने पडू शकतो. अर्थात फुप्फुसं कडक असतील, एआरडीएस (फुप्फुसांची गंभीर सूज) असेल, ऑटो-पीप साचत असेल (श्वास पूर्ण बाहेर न पडता हवा अडकत असेल) तर ही मुभा मिळत नाही. तेव्हा पीसीओ२ चढा ठेवण्याचा निर्णय आपण जाणूनबुजून घेतलाय, हे नोंदीत लिहा. म्हणजे पुढच्या शिफ्टला पीएचचं गणित लागेल.

आता ॲनायन गॅप (सोडियम वजा क्लोराइड वजा बायकार्ब, न मोजलेल्या ॲसिडांचा अंदाज): १३८ − १०४ − १२ = २२. अल्ब्युमिन ४ च्या खाली जितके ग्रॅम, तितक्या वेळा २.५ मिळवायचे. इथे ५ मिळवले की गॅप २७ होतो. नेहमीचा १२ धरला तर जास्तीचे १५. त्यातले आठेक लॅक्टेटने भरून निघतात. उरलेले कुठले? मूत्रपिंडं बंद असल्याने साचलेले सल्फेट, फॉस्फेट आणि इतर ॲसिड, कधी कीटोन, कधी एखादं औषध किंवा विष. हा हिशेब आधी केला तरच नंतर कळतं की मशीन यातलं काय काढू शकेल आणि काय काढू शकणार नाही. साचलेली युरेमिक ॲसिडं फिल्टरमधून छान निघून जातात. लॅक्टेटचं तसं नाही, ते पुढे येईलच.

गॅप फारसा वाढलेला नसेल आणि क्लोराइड चढलं असेल, तर आदल्या चोवीस तासांत सलाइन किती गेलं ते पाहा. ०.९ टक्के सलाइनमध्ये सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४. ते लिटरच्या लिटर चढवलं की ॲसिडोसिस आपणच तयार केलेला असतो.

पायरी २: कधी लावायची, आणि तोवर काय करायचं

नुसता क्रिएटिनिन वाढला म्हणून घाई करण्यात फायदा नाही, हे मोठ्या चाचण्यांनी दाखवलंय. २०२० च्या स्टार्ट-एकेआय चाचणीत लवकर सुरू केलेल्या आणि थांबून सुरू केलेल्या गटांत ९० दिवसांच्या मृत्युदरात फरक पडला नाही. थांबणाऱ्या गटात सुरुवात करण्याच्या कारणांमध्ये पीएच ७.२० किंवा त्याखाली, बायकार्ब १२ किंवा त्याखाली, पोटॅशियम ६ किंवा त्यावर, आणि फुप्फुसात पाणी भरून ऑक्सिजन खालावणं ही होती. लक्षात ठेवायला हे उंबरे सोयीचे आहेत. मात्र आकड्याइतकीच दिशा महत्त्वाची. पीएच ७.१८ असून दोन तासांत सुधारत असलेला रुग्ण आणि पीएच ७.२४ असून दर तासाला घसरत चाललेला रुग्ण, यांत दुसऱ्याची काळजी मला जास्त वाटते.

मशीन येईपर्यंत बायकार्ब द्यायचा का? २०१८ च्या बायकार-आयसीयू चाचणीत पीएच ७.२० किंवा कमी असलेल्यांना ४.२ टक्के बायकार्बोनेट दिलं. एकूण रुग्णांच्या मुख्य निकालात ठळक फरक दिसला नाही, पण ज्यांची मूत्रपिंडं बरीच खराब झाली होती त्या गटात फायदा दिसला, आणि डायलिसिसची गरजही कमी पडली. म्हणून अशा रुग्णात तो द्यायला हरकत नाही, दोन अटींवर: तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला व्हेंटिलेटरवर जागा हवी, आणि आयोनाइज्ड (सुटं, न बांधलेलं) कॅल्शियम पाहिलेलं हवं, कारण पीएच वर गेला की ते खाली येतं आणि शॉकमधल्या हृदयाला ते सोसत नाही. आणि मशीन चालू झालं की हे इन्फ्युजन चालू ठेवायचं की बंद करायचं, ते लगेच ठरवा. कोणी बंद करायला न सांगितल्यामुळे दोन-दोन दिवस चालत राहिलेलं बायकार्बचं इन्फ्युजन हे पुढच्या अल्कलोसिसचं फार नेहमीचं कारण आहे.

विषबाधा असेल तर विचार वेगळा करावा लागतो. मेटफॉर्मिनमुळे लॅक्टेट २० च्या वर किंवा पीएच ७.० च्या खाली गेलेला रुग्ण, मिथेनॉल, सॅलिसिलेट: इथे वेग हवा असतो, आणि तो नेहमीच्या इंटरमिटंट हिमोडायलिसिसमध्ये मिळतो. रक्तदाब अगदीच सोसणार नसेल तरच सीआरआरटी.

पायरी ३: बॅग वाचा, आणि बॅग मिसळा

बॅगेवरचं लेबल औषधाचं लेबल वाचावं तितक्या काळजीने वाचायचं. बायकार्ब किती? पोटॅशियम शून्य, दोन की चार? कॅल्शियम आहे की नाही? फॉस्फेट आहे का? हेपरिनवर किंवा अँटिकोॲग्युलेशनशिवाय (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाशिवाय) चालणाऱ्या सर्किटसाठीच्या बऱ्याच द्रावणांत बायकार्ब ३० ते ३५ च्या आसपास असतो. ३२ बायकार्ब आणि सोबत ३ लॅक्टेट ही बरीच दिसणारी जोडी. सायट्रेटच्या जोडीला वापरायच्या द्रावणांत तो मुद्दाम कमी, साधारण २० ते २५ ठेवलेला असतो, आणि अनेकदा कॅल्शियम अजिबात नसतं. या दोन प्रकारच्या बॅगांची अदलाबदल झाली की पुढचे सगळे आकडे चुकत जातात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या द्रावणांत बफर म्हणून नुसतं लॅक्टेट असायचं. शॉकमधल्या किंवा यकृत निकामी झालेल्या रुग्णाला त्या लॅक्टेटचं बायकार्ब करता येत नाही, म्हणून २०१२ च्या केडिगो (मूत्रपिंडविकारांवरची आंतरराष्ट्रीय संस्था) मार्गदर्शक तत्त्वांनी बायकार्बोनेटलाच पसंती दिली.

आता मिसळण्याबद्दल. बायकार्ब आणि कॅल्शियम एकत्र साठवले तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो, म्हणून अनेक बॅगा दोन कप्प्यांच्या येतात. टांगण्याआधी मधली सील फोडून दोन्ही भाग नीट एकजीव करायचे असतात. सील अर्धवट फुटली किंवा फोडायचीच राहिली, तर रुग्णाला बायकार्बच नसलेलं किंवा भलत्याच घडणीचं द्रावण जातं, आणि मशीन त्याबद्दल अलार्म देत नाही. बॅग दोन्ही हातांनी उजेडाकडे धरा. मधली सील पूर्ण लांबीची सुटलेली दिसली पाहिजे, द्रावण स्वच्छ दिसलं पाहिजे, तरंगते कण नकोत. मिसळल्याची वेळ बॅगेवर लिहा. मिसळलेली बॅग उत्पादकाने दिलेल्या मुदतीतच वापरायची, आणि ती मुदत साधारण २४ तासांची असते. अनाकलनीय ॲसिडोसिसचा फोन आला की मी आधी टांगलेली बॅग बघायला सांगतो.

पायरी ४: तासाचा हिशेब कागदावर मांडा

डोस किती? २००८ ची एटीएन आणि २००९ ची रीनल या दोन मोठ्या चाचण्यांत जास्त डोसने जीव जास्त वाचले नाहीत. त्यावरून प्रत्यक्ष मिळालेला एफ्लुएंट (फिल्टरमधून बाहेर पडणारा द्रव) २० ते २५ मिली प्रति किलो प्रति तास हे लक्ष्य ठरलं. ७० किलोला २५ धरले तर तासाला १७५० मिली, म्हणजे १.७५ लिटर.

फिल्टरमधून रुग्णाचं बायकार्ब बाहेर जातं आणि बॅगेतलं आत येतं. निव्वळ मिळकत ढोबळमानाने अशी:

तासाला मिळणारं बायकार्ब = डोस (लिटर) × (बॅगेतलं बायकार्ब − रुग्णाचं बायकार्ब)

आपल्या रुग्णाचं १२, बॅगेत ३२. फरक २०, गुणिले १.७५, म्हणजे तासाला ३५ मिलिमोल. बायकार्ब शरीरात जेवढ्या जागेत पसरतं ती वजनाच्या निम्मी, म्हणजे ३५ लिटर धरली, तर रुग्णाने नवं ॲसिड मुळीच तयार केलं नाही असं मानून बायकार्ब तासाला साधारण एकाने वाढेल. तीव्र ॲसिडोसिसमध्ये ही जागा आणखी मोठी होते, म्हणून प्रत्यक्षात वेग याहून कमी असतो. आणि तोच रुग्ण शॉकमुळे तासाला २० मिलिमोल जास्तीचं ॲसिड तयार करत असेल, तर ३५ पैकी १५ च हाती राहतात. वेग तासाला अर्ध्यापेक्षाही कमी. ‘मशीन लावून चार तास झाले, अजून पीएच का नाही सुधारला’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या वजाबाकीत असतं.

याच सूत्रात पुढची सूचनाही दडलेली आहे. रुग्णाचं बायकार्ब २२ झालं की फरक १० वर येतो आणि मिळकत तासाला १७.५ वर. जसजसं बायकार्ब बॅगेजवळ जातं, तसतसा वेग मंदावतो. शॉक सुटला, रुग्ण नेहमीसारखं दिवसाला किलोमागे सुमारे १ मिलिमोल ॲसिड तयार करू लागला, म्हणजे ७० किलोला तासाला तीनेक, तर हे बायकार्ब कुठे स्थिरावेल? ३२ − (३ ÷ १.७५), म्हणजे सुमारे ३० वर. पहिल्या दिवशी अगदी योग्य असलेली बॅग रुग्ण सुधारला की त्याला अल्कलोसिसकडे नेणार, हे आधीच ठरलेलं असतं. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही, आणि वाट पाहण्यासारखंही काही नाही.

हा हिशेब लिहून दिलेल्या डोसचा नसून मिळालेल्या डोसचा असतो. सीटी स्कॅन, ऑपरेशन, क्लॉट झालेला फिल्टर, बॅग बदलताना थांबलेलं सर्किट, यांत दिवसाचे पाच तास गेले तर २५ चा डोस प्रत्यक्षात २० च्या खाली येतो. म्हणून ऑर्डर थोडी चढी, २५ ते ३० ची, लिहायची आणि रोज सकाळी मागच्या चोवीस तासांचा प्रत्यक्ष एफ्लुएंट मशीनच्या हिस्टरीतून काढून वजनाने भागायचा. प्री-डायल्युशन (रिप्लेसमेंट द्रावण फिल्टरच्या आधी रक्तात मिसळणं) जास्त असेल तर रक्त फिल्टरच्या आधीच पातळ होतं, आणि खरा क्लिअरन्स आकड्यापेक्षा आणखी कमी असतो.

लॅक्टेटविषयी थोडं थांबून

लॅक्टेट ९ असताना १.७५ लिटर एफ्लुएंटमधून तासाला जास्तीत जास्त १६ मिलिमोल निघेल. निरोगी, विश्रांती घेत असलेलं शरीरसुद्धा तासाला किलोमागे जवळपास १ मिलिमोल लॅक्टेट तयार करतं आणि वापरतं, म्हणजे ७० किलोला साठेक. शॉकमध्ये उत्पादन याच्या पुढे जातं. मशीन या लॅक्टेटला पुरं पडू शकत नाही.

याचे दोन अर्थ निघतात. लॅक्टेट उतरत असेल तर रुग्ण खरोखर सुधारतोय, मशीनने आकडा फसवा केलेला नाही. आणि लॅक्टेट चढत असेल तर डोस वाढवून उपयोग नाही. रक्तदाब, हिमोग्लोबिन, हृदयाचं काम, आतड्याचा रक्तपुरवठा, हातापायाचा कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंत दाब वाढून रक्त अडणं), न काढलेला पू: शोध तिथे घ्यायचा. सर्जनला रात्री दोनला उठवायचं की सकाळी, हा निर्णय अशा वेळी एफ्लुएंटच्या दरापेक्षा कितीतरी जास्त ॲसिड वाचवतो. बायकार्ब ठीक दिसतंय म्हणून शोध थांबवू नका. मशीन बफर पुरवत असताना पीएच गोंडस राहतो आणि आत आतडं काळं पडत असू शकतं. सीआरआरटीवरच्या रुग्णात पीएचपेक्षा लॅक्टेटची आणि ॲनायन गॅपची चाल जास्त खरं बोलते.

पायरी ५: सायट्रेट चालू असेल तर

इथे नव्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश.

सायट्रेट फिल्टरच्या आधी रक्तात मिसळतात. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि कॅल्शियम नसलं की सर्किटमध्ये रक्त गोठत नाही. सायट्रेट-कॅल्शियमची जोडी काही प्रमाणात एफ्लुएंटमधून निघून जाते, उरलेली रुग्णाकडे जाते. यकृतात आणि स्नायूंत सायट्रेट जळतं, कॅल्शियम सुटं होतं, आणि ट्रायसोडियम सायट्रेटच्या एका मिलिमोलमागे तीन मिलिमोल बायकार्ब तयार होतं. म्हणजे सायट्रेट हे अँटिकोॲग्युलंटही आहे आणि बफरही. एसीडी-ए (सायट्रेटचं एक तयार द्रावण) वापरत असाल, तर त्यातलं काही सायट्रेट सायट्रिक ॲसिडच्या रूपात असल्याने बफर त्या मानाने कमी मिळतो.

आकड्यांत: रक्ताचा वेग मिनिटाला १५० मिली, म्हणजे तासाला ९ लिटर. दर लिटर रक्तामागे ३ मिलिमोल सायट्रेट, म्हणजे तासाला २७ मिलिमोल. यातलं निम्मं एफ्लुएंटमध्ये गेलं असं धरलं, तर उरलेल्या साडेतेरामधून तासाला सुमारे ४० मिलिमोल बायकार्ब. आपल्या बॅगेने सुरुवातीला दिलेल्या ३५ पेक्षाही जास्त! सायट्रेटसोबतच्या डायलिसेटमध्ये (बॅगेतल्या डायलिसिसच्या द्रावणात) बायकार्ब कमी का ठेवतात, ते इथे उलगडतं. आणि हेही लक्षात येईल की सायट्रेट रक्ताच्या वेगाला बांधलेलं असतं, म्हणून सहज म्हणून वाढवलेला ब्लड फ्लो रुग्णाला जास्तीचा बफर देऊन जातो.

दोन कॅल्शियम, दोन वेगळी कामं. फिल्टरनंतरच्या पोर्टमधून घेतलेलं आयोनाइज्ड कॅल्शियम ०.२५ ते ०.३५ च्या आसपास हवं, त्यावर सायट्रेटचा डोस ठरतो. रुग्णाच्या आर्टिरियल लाइनमधून घेतलेलं १.० ते १.२ हवं, त्यावर कॅल्शियम इन्फ्युजनचा वेग ठरतो. दोन्ही सिरिंज एकाच गॅस मशीनवर लागतात, आणि मशीनला त्या कुठून आल्या ते ठाऊक नसतं. कागदावर ०.३१ छापून आलं आणि सिरिंजवर ‘पोस्ट-फिल्टर’ लिहिलेलं नसलं, तर कोणीतरी धावत जाऊन कॅल्शियमचा बोलस देतं. लेबल सिरिंजवर आधी चिकटवा, नमुना नंतर घ्या.

आता तीन चित्रं ओळखायला शिका.

पहिलं, सायट्रेट जळतंय पण जास्त पोहोचतंय. बायकार्ब आणि पीएच वर, आयोनाइज्ड कॅल्शियम ठीक, टोटल कॅल्शियम भागिले आयोनाइज्ड हे गुणोत्तरही ठीक. यकृत चोख काम करतंय, आपणच बफर जास्त देतोय. रक्ताचा वेग (आणि त्यासोबत सायट्रेट) कमी करा किंवा डायलिसेटचा वेग वाढवा, म्हणजे सायट्रेट आणि बायकार्ब दोन्ही जास्त बाहेर जातील.

दुसरं, ॲसिडोसिस पण गुणोत्तर ठीक. म्हणजे बफर कमी पडतोय. उलटं करा: डायलिसेटचा वेग कमी, किंवा रक्ताचा वेग वाढवून सायट्रेट जास्त. डायलिसेट कमी करताना एकूण डोस २० च्या खाली जात नाही ना, ते बघा.

तिसरं चित्र घातक. सायट्रेट जळतच नाही, रक्तात साचतं. यकृत निकामी, किंवा शॉक इतका खोल की स्नायूंपर्यंत रक्त पोहोचत नाही. आयोनाइज्ड कॅल्शियम घसरत जातं, ते सावरायला कॅल्शियम इन्फ्युजनचा वेग पुन्हा पुन्हा वाढवावा लागतो, टोटल कॅल्शियम मात्र चढतं, आणि ॲनायन गॅप वाढून ॲसिडोसिस होतो. टोटल भागिले आयोनाइज्ड हे गुणोत्तर २.५ च्या वर गेलं की हे निदान पक्कं धरून हालचाल करायची. दोन्ही आकडे मिलिमोलमध्येच हवेत. लॅबने टोटल मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिलं असेल तर ४ ने भागा. उदाहरण: टोटल ११.२ मिलिग्रॅम, म्हणजे २.८ मिलिमोल, आयोनाइज्ड ०.९५, गुणोत्तर २.९५. नुसतं टोटल पाहणाऱ्याला वाटेल कॅल्शियम जास्त आहे, नुसतं आयोनाइज्ड पाहणाऱ्याला वाटेल कमी आहे. दोघांचंही बरोबर, आणि दोघांनाही खरी गोष्ट दिसत नाही.

अशा वेळी सायट्रेट कमी करा किंवा थांबवा, सीनियरला लगेच कळवा, आणि आयोनाइज्ड कॅल्शियम धोक्याच्या खाली असेल तर ते भरून काढा. सर्किट हेपरिनवर किंवा अँटिकोॲग्युलेशनशिवाय चालवता येतं. फिल्टर लवकर जाईल, जाऊ द्या. गुणोत्तर वाढण्याच्या आधी कॅल्शियमची वाढत जाणारी गरज दिसते, म्हणून लागोपाठ दुसऱ्यांदा इन्फ्युजन वाढवावं लागलं की गुणोत्तर काढायची सवय लावा. लॅक्टेट वेगाने चढत असलेल्या रुग्णात सायट्रेट सुरू करण्याआधी दोनदा विचार करा.

आणखी एक, नर्सच्या हातातलं: सर्किट थांबलं की सायट्रेट थांबतं, पण वेगळ्या सिरिंज पंपावरचं कॅल्शियम आपण बंद केल्याशिवाय थांबत नाही. रुग्ण स्कॅनला निघाला, सर्किट सोडलं, की कॅल्शियमचा पंप बंद झाला ना ते स्वतः बघा.

पायरी ६: किती वेळा तपासायचं

सुरू केल्यावर तासाभरात एबीजी आणि (सायट्रेट असेल तर) दोन्ही आयोनाइज्ड कॅल्शियम. स्थिर होईपर्यंत दर दोन ते चार तासांनी, नंतर दर सहा तासांनी. कोणताही वेग बदलला, बॅगेचा प्रकार बदलला, नवा फिल्टर लागला, की पुन्हा तासाभराने. टोटल कॅल्शियम आणि गुणोत्तर दिवसातून किमान एकदा, यकृताची शंका असेल तर जास्त वेळा. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम रोज एक-दोनदा.

ॲसिड-बेसचा नमुना आर्टिरियल लाइनमधूनच. डायलिसिस कॅथेटरच्या किंवा सर्किटच्या जवळून घेतलेल्या रक्तात द्रावण मिसळलेलं असू शकतं, आणि मग आपण रुग्णाऐवजी बॅग तपासत बसतो.

पोटॅशियम आणि फॉस्फेटकडे खास लक्ष हवं. ॲसिडोसिस सुटताना पोटॅशियम पेशींत शिरतं आणि वर फिल्टरमधूनही जातं. सुरुवातीला शून्य पोटॅशियमची बॅग लावली असेल, तर ती चारच्या बॅगेवर कधी न्यायची ते आधीच लिहून ठेवा. फॉस्फेट नसलेल्या द्रावणावर दोन दिवसांत फॉस्फेट पार खाली जातं, श्वासाचे स्नायू दुबळे होतात, आणि व्हेंटिलेटर का सुटत नाही याचा शोध भलतीकडे सुरू होतो.

पायरी ७: अल्कलोसिस दिसला की

पीएच ७.४८, बायकार्ब ३१. ‘ॲसिडोसिसपेक्षा बरं’ असं म्हणून सोडून देऊ नका. अल्कलोसिसमध्ये आयोनाइज्ड कॅल्शियम आणि पोटॅशियम खाली जातात, हृदयाची लय बिघडते, हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडत नाही, आणि मेंदूची श्वास घेण्याची ओढ मंदावते. वीनिंगच्या (व्हेंटिलेटर सोडवण्याच्या) ट्रायलमध्ये रुग्ण हळू श्वास घेतो, पीसीओ२ चढतो, आणि ट्यूब काढण्याचा बेत पुढे ढकलला जातो. त्यामागे अनेकदा परवाची बॅग असते.

बफर कुठून येतोय ते शोधा: बॅग, सायट्रेट, चालू राहिलेलं बायकार्बचं इन्फ्युजन, टीपीएनमधलं (शिरेतून दिलेल्या पोषणातलं) ॲसिटेट, चढवलेल्या रक्तातलं सायट्रेट. आणि ॲसिड कुठून जातंय: नाकातल्या नळीतून ओढलं जाणारं जठरातलं पाणी. मग कमी बायकार्बची बॅग लावा, किंवा सायट्रेट चालू नसेल आणि रुग्ण स्थिर असेल तर डोस २० कडे आणा (सायट्रेटवर असेल तर पायरी ५ मधल्या पहिल्या चित्राप्रमाणे). काही युनिटमध्ये रिप्लेसमेंटचा एखादा भाग सलाइनने देतात. ते सीनियरच्या लेखी ऑर्डरशिवाय करू नका. एक अपवाद: एआरडीएसमध्ये पीसीओ२ मुद्दाम चढा ठेवलेला असेल, तर चढं बायकार्ब तिथे पीएच सावरून धरत असतं. ते घाईने उतरवलं तर पीएच कोसळेल.

रोजच्या राउंडला एक ओळ लिहायची सवय ठेवा: आजची बॅग, आजचं बायकार्ब, मिळालेला डोस, आणि उद्या रुग्ण सुधारला तर हे बायकार्ब कुठे जाईल. पीएच ७.३ ते ७.४५ आणि बायकार्ब २२ ते २६ एवढ्यात बहुतेकांचं भागतं. आकडा अगदी ७.४० वर आणण्यासाठी दर दोन तासांनी वेग बदलत राहिलात, तर कोणत्या बदलाने काय झालं हे कोणालाच सांगता येणार नाही. एका वेळी एक बदल, मग तासाभराने गॅस.

पायरी ८: मशीन बंद करताना

लघवी वाढली, क्रिएटिनिन स्वतःहून उतरू लागलं, की थांबवायचा विचार सुरू होतो. ॲसिड-बेसच्या बाजूने एवढं पाहा की चांगलं दिसणारं बायकार्ब मूत्रपिंडांनी राखलंय की बॅगेने. मशीनवर असताना हे कळत नाही. म्हणून बंद केल्यावर सहा तासांनी, बारा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एबीजी. बायकार्ब दिवसाला एक-दोनने उतरून थांबत असेल तर ठीक. पोटॅशियम चढत असेल, गॅप पुन्हा रुंदावत असेल, तर इंटरमिटंट डायलिसिसची तयारी ठेवा आणि कॅथेटर काढायची घाई करू नका.

सायट्रेटवरचं सर्किट थांबवलं की शरीरात उरलेलं सायट्रेट पुढच्या काही तासांत जळतं आणि त्याने बांधलेलं कॅल्शियम सुटं होतं. त्यामुळे कॅल्शियम इन्फ्युजन सर्किटसोबतच बंद करा, आणि दोन ते चार तासांनी आयोनाइज्ड कॅल्शियम पुन्हा पाहा.